गाईची जीभ कडक झाली आहे. हा लाळ्या खुरकूतच आहे का?

प्रश्न: आमच्या गाईच्या तोंडातून सतत लाळ गळते आणि जीभ सुजून लाकडासारखी कडक झाली आहे. ती वैरणीकडे ओढीने जाते, परंतु तिला घास आत घेता येत नाही. ताप नाही, खुरांत जखमाही नाहीत. हा कोणता आजार असावा?

उत्तर १: फोड, ताप आणि खुरांतील जखमा नसतील, तर ‘लाकडी जीभ’ म्हणजेच अ‍ॅक्टिनोबॅसिलोसिसची शक्यता अधिक वाटते. याचे जिवाणू निरोगी जनावराच्या तोंडातही असतात आणि कुसळी गवताने किंवा काटेरी चाऱ्याने जिभेला जखम झाली की ते आत शिरतात. पशुवैद्यक शिरेतून सोडियम आयोडाइड आणि गरजेनुसार प्रतिजैविक देतात. उपचार लवकर सुरू झाल्यास जीभ बहुधा काही दिवसांतच मऊ पडू लागते. गाय गाभण असल्यास ते कृपया आधीच सांगावे, कारण आयोडाइडमुळे गर्भपाताचा धोका मानला जातो. उपासमारीनेच जनावर खंगते, म्हणून पशुवैद्यकाला आजच बोलवावे.

उत्तर २: मेंढ्यांत याच आजारात जीभ क्वचितच बाधित होते, ओठ, गाल आणि जबड्याखाली पुवाच्या गाठी येतात. गाठ फुटलेले जनावर वेगळे बांधावे, कारण पू गव्हाणीत पडून इतरांना लागण होऊ शकते.

उत्तर ३: जबड्याचे हाडही चाचपून पाहावे. तेथे न हलणारी कठीण गाठ असल्यास तो जबड्याच्या हाडाचा जिवाणूजन्य आजार, म्हणजे अ‍ॅक्टिनोमायकोसिस असू शकतो आणि तो बरा होणे बरेच अवघड असते. पशुवैद्यक येईपर्यंत मऊ हिरवा चारा बारीक कापून द्यावा.