मदत हवी आहे: इंग्रजी कादंबरी वाचतो आहे, शब्द डोक्यात राहत नाहीत (आणि पुस्तक अर्धवट निघालं)

कपाशी_दर्यापूर: अर्जंट आहे. कादंबरी वाचून इंग्रजी शब्द वाढवायचे आहेत. १५ दिवसांत १२ पानं झाली. ३४० शब्द अर्थासकट वहीत उतरवले, वही मिटली की सगळं साफ. वरून पुस्तक अर्धवट निघालं: १ नंबरचं प्रकरणच नाही, ४ नाही, ६ नाही. दुकानदार बदलून देत नाही म्हणतो. शब्द ध्यानात कसे ठेवायचे तेवढं सांगा, फाटे फोडू नका.

संत्रा_मोर्शी: कोणती कादंबरी? डिक्शनरी कोणती? शाळा मराठी माध्यमाची की इंग्रजी? हे कोण सांगणार, आम्ही?

सरळसेवा_२४तास: कादंबरीत वेळ घालवू नको भाऊ. तलाठीच्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, एवढंच कर. नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' घे, शब्दांची मुळं पाठ कर, एका मुळातून दहा शब्द निघतात.

कपाशी_दर्यापूर: परीक्षा कोण देते हो? मले पुस्तक वाचायचं आहे. मराठी माध्यम, बारावी. डिक्शनरी खिशातली, इंग्रजी-मराठी. पुस्तक 'द क्युरियस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम', मार्क हॅडनचं.

गणिताचा_तास: दुकानदाराशी भांडू नको, पुस्तक पूर्ण आहे. त्यातली प्रकरणं २, ३, ५, ७, ११, १३ अशी मूळ संख्यांनीच जातात, शेवटचं २३३. गोष्ट सांगणारा पोरगा १५ वर्षांचा, त्याला मूळ संख्या आवडतात. १९व्या प्रकरणात तो स्वतःच ते सांगतो, तू तिथवर पोचलाच नाहीस. शंका असेल तर पानांचे आकडे सलग आहेत का ते पाहा. शेवटी परिशिष्टात गणित आलं तर तेही छपाईची चूक समजू नको.

संत्रा_मोर्शी: आता वहीतले सुरुवातीचे आठ-दहा शब्द जसेच्या तसे टाक, अर्थासकट.

कपाशी_दर्यापूर: फोर्क – जेवणाचा काटा. स्टिक – काठी. स्टिकिंग – चिकटणारे. स्टक – अडकलेले. शिअर्स – मोठी कात्री. वेलिंग्टन – गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. लॉन – हिरवळ. पुडल – कुरळ्या केसांचं कुत्रं. आता तुम्हीच सांगा, पुस्तकातलं कुत्रं मेलं कशानं?

वऱ्हाडी_ठेचा: काट्यानं, काठीनं, कात्रीनं का बुटानं! राजेहो, पोट दुखलं हसून.

संत्रा_मोर्शी: हसू नका, आजार इथंच सापडला. मिसेस शिअर्स ही शेजारीण. वेलिंग्टन हे तिच्या कुत्र्याचं नाव. वाक्याच्या मधोमध मोठं अक्षर दिसलं की आधी नाव समजायचं, डिक्शनरी उघडायचीच नाही. स्टिक, स्टिकिंग, स्टक हा एकच शब्द, तू तीन मोजलेस. आणि 'स्टिकिंग आउट ऑफ' हा एकत्र गट: आत रुतलेलं आणि बाहेर डोकावणारं. सुटा सुटा पाहिला की काठी हाती येते. 'फोर्क'च्या आधी 'गार्डन' होतं, ते तू गाळलंस. ते शेतीचं दाताळं आहे, कुत्र्याच्या अंगात रुतलेलं.

वऱ्हाडी_ठेचा: दाताळं कायले म्हणता? दाताळ्याचे दात वाकडे, काडीकचरा ओढाले. ते सरळ दाताचं असते.

संत्रा_मोर्शी: बरोबर, चुकलो. लांब दांडा, फावड्याच्या पात्याच्या जागी चार सरळ दात, पायानं दाबून जमिनीत घालायचं. आपल्याकडे नेमका शब्द सुचत नसेल तर वहीत चित्र काढ. अंदाजे मराठी शब्दापेक्षा ते टिकतं.

वऱ्हाडी_ठेचा: शेणखत उपसाले चांगलं राहीन पण ते. कोठी भेटते?

मुक्काम_पोस्ट: धाग्यावर या. आधी पुस्तक झेपतं का ते मोज. नवं पान घे, पहिले १०० शब्द मोज, अडला त्या शब्दाखाली पेन्सिलीनं टिंब. नावं सोडून दे. २ टिंबं आली तर सुखानं वाच. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासातही आधाराशिवाय कथा नीट समजायला ९८ टक्के शब्द माहीत लागतात असंच निघालं होतं. ५ आली तर डिक्शनरी जवळ ठेवून. १० आली तर पुस्तक सध्या कपाटात. तुझे १२ पानांत ३४०, पानाला साधारण २८० शब्द धरले तर शंभरात १०. पण त्यात नावं आणि एकाच शब्दाची तीन-तीन रूपं आहेत, म्हणून खरा आकडा पुन्हा काढ. तरी १० आलेच तर ऑक्सफर्ड बुकवर्म्सची पातळी २ किंवा ३ घे, ७०० आणि १००० मुख्य शब्दांत लिहिलेल्या गोष्टी असतात.

सरळसेवा_२४तास: बारावीच्या पोराला बालवाडीत बसवता का?

मुक्काम_पोस्ट: तुम्ही त्याला मुळं खायला घालताय, त्यापेक्षा बरं. 'फोर्क' कोणत्या मुळातून निघाला ते पाठ करून कुत्र्याचं काय झालं ते कळत नाही.

अँकीवाला: वही जाळ. अँकीड्रॉइड हे उजळणीच्या पत्त्यांचं ॲप घे, अँड्रॉइडवर फुकट. एकदा पत्ते तयार झाले की नेट लागत नाही.

मुक्काम_पोस्ट: घे, पण दिवसाला नवे २० पत्ते असं त्यात आधीच ठरवलेलं असतं, ते ८ वर आण. २० ठेवले तर महिन्याभरात रोजची उजळणी शंभराच्या पुढं जाते आणि माणूस ॲप काढून टाकतो. पत्त्यावर सुटा शब्द नको. पुस्तकातलं अख्खं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा, पाठीमागे शब्द. वहीतही हेच चालतं: डाव्या पानावर वाक्य, उजव्यावर शब्द, उजवं पान झाकून आठवायचं. दुसऱ्या दिवशी, चौथ्या, आठव्या, मग पंधराव्या. तू अर्थ उतरवत होतास, आठवून एकदाही पाहिलं नाहीस. उतरवताना फक्त हात दुखतो.

कपाशी_दर्यापूर: मग वाचताना डिक्शनरी पाहायचीच नाही?

संत्रा_मोर्शी: पहिल्या खेपेला प्रकरण न थांबता वाच, नुसती टिंबं. ज्याच्यामुळं गोष्टच अडली तेवढाच शब्द तिथल्या तिथं पाहा. दुसऱ्या खेपेला टिंबांवरून फिर. वहीत घ्यायचा तो तिसऱ्यांदा भेटलेला शब्द. पुडल एकदा कळला, सोडून दे. आणि हळूहळू इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरीवर ये; ऑक्सफर्ड लर्नर्सची वेबसाइट फुकट आहे, अर्थ सोप्या शब्दांत देते, सोबत वाक्यं असतात.

अँकीवाला: उच्चारही ऐकता येतो तिथं. लिहायचं विसरले तुम्ही.

कपाशी_दर्यापूर: वही झाडली. नावं आणि तीच ती रूपं काढून ३४० चे १८७ राहिले. नव्या पानाचे १०० मोजले, टिंबं ६. म्हणजे वाचू ना हेच?

मुक्काम_पोस्ट: वाच. दिवसाला एकच प्रकरण, लहान आहेत.

वऱ्हाडी_ठेचा: कुत्रं मारलं कोनं ते कोनी सांगू नका बा, मी पन आनतो पुस्तक.

सरळसेवा_२४तास: तलाठीची जाहिरात आली का कोणी सांगेल का?