अनुभव धागा: तुमची गॉडमदर

बाप्तिस्म्याच्या फोटोत बाळाला घेऊन उभी असलेली बाई, गोव्यातली मादीन, पुढे आयुष्यात कितपत असते? लिहा. स्वतः झाला असाल तर तेही.

वसई
आमच्याकडे पहिल्या नातवंडाला आजी-आजोबाच, हे ठरलेलं. मी तिसरी, म्हणून आईने शाळेतली मैत्रीण घेतली. आत्या अजून बोलून दाखवतात. दहावीनंतर मला आर्ट्सला जायचं होतं, बाबा ऐकेनात. ही आमच्या ओट्याशी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, अल्तारासमोर फादरांनी विचारलं तेव्हा हिच्या वतीने उत्तरं कोणी दिली? मग आता पण मलाच विचारा." बाबांना हसू आवरेना. फॉर्म तिनेच आणला.

म्हापसा, सध्या पुणे
लग्नाआधी रोस असतो, नवऱ्या मुलीला नारळाचा रस लावतात. आई नव्हती. मादीनने सकाळपासून खोबरं खवलं, मिक्सरला हात लावू दिला नाही. पहिली ओंजळ तिची. नंतर भावंडांनी अंडी फोडली, तो भाग सोडा.

मुंबई
माझी म्हणजे बाबांच्या साहेबांची बायको. सोन्याची चेन आली, साहेबांची बदली झाली, विषय संपला. बढतीवर डोळा ठेवून जोडलेली नाती अशीच जायची.

नाशिक
मी हिंदू. जिवलग मैत्रिणीने मलाच बाळाची गॉडमदर हो म्हटलं, पण फादर नाही म्हणाले. राग आला होता. असं का?

वसई, धर्मशिक्षण शिकवते
कारण गॉडमदरने बाळाच्या श्रद्धेची हमी द्यायची असते. 1983 च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, ती कॅथलिक हवी, दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार) झालेली हवी, वय सहसा 16 पूर्ण हवं. बाळाचे आईबाप चालत नाहीत. गॉडफादर नसला तरी चालतं, दोन गॉडमदर मात्र नाहीत. आणि आईबाप गेले की मूल आपोआप तिच्या ताब्यात, हे सिनेमातलं. कायद्याने तसा हक्क मिळत नाही.

ठाणे
येत्या रविवारी मी होतेय. चर्चमधल्या मोठ्या पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवायची, तेव्हा बाळ कोणाकडे द्यायचं? आणि भेट काय द्यावी? चांदीच्या वाट्या त्या घरात ढीगभर आहेत.