मदत हवी आहे: जवळ आलेल्या क्वार्कमधलं बल कमी का होतं?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. एका मुलीने विचारलं, प्रोटॉन ज्या मूलकणांचा बनतो ते क्वार्क ओढून सुटे का करता येत नाहीत? विद्युतबल वाहणाऱ्या फोटॉनवर विद्युतभार नसतो, पण क्वार्कना बांधणारं बल वाहणाऱ्या ग्लुऑन या कणांवर मात्र त्याच बलाचा भार, म्हणजे रंगभार असतो (खऱ्या रंगाशी याचा संबंध नाही). त्यामुळे अंतर वाढलं तरी ओढ कमी होत नाही, ऊर्जा साठत जाते आणि शेवटी नवी क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीच तयार होते, इथपर्यंत तिला पटलं. पण मग अगदी जवळ असताना हेच बल क्षीण का? ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे गणिताने दाखवलं, २००४ चं नोबेल त्यासाठीच. ते गणित बाजूला ठेवून कारण कसं सांगू? रबराची उपमा (ताणलं की ओढ, सैल सोडलं की नाही) नको, ती फक्त काय घडतं ते सांगते. मुलगी फार हुशार आहे, तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही. मराठीत कुणी शिकवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.