वाळूत महिंद्राची थार गाडी चालवण्यासाठी हवेचा पंप कोणता घ्यावा?

प्रश्न: जैसलमेरच्या वाळूत टायरांतील हवा १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे एकक) उतरवून परतताना पुन्हा ३२ पर्यंत भरावी लागेल; त्यासाठी गाडीतील सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप पुरेल का?

उत्तर १: पंक्चरपुरता पुरेल. मात्र त्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असल्याने १२ व्होल्टवर जेमतेम १२० ते १८० वॉट मिळतात, म्हणून चारही टायर भरण्यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा पंप घ्यावा आणि हवा भरताना इंजिन सुरू ठेवावे.

उत्तर २: खोक्यावरच्या कमाल पीएसआयला भुलू नये, मिनिटाला किती लिटर हवा मिळते आणि पंप न थांबता किती वेळ चालतो, हे पाहावे. माझा लहान पंप तिसऱ्या टायरलाच तापून बंद पडला होता.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नळी मागच्या टायरांपर्यंत पोहोचते का, हेही तपासून घेतो.