मोह आला तेव्हा नेमकं काय झालं? – अनुभव धागा

सर्वांना प्रभूत सलाम. उपवासकाळ सुरू आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'परीक्षेत आणू नको' म्हणतो, कॅथलिक बंधुभगिनी त्याच जागी 'मोहात पडू देऊ नको' म्हणतात. मला 'मोह'च जास्त खरा वाटतो. परीक्षेची तारीख निदान आधी कळते. साक्ष द्यायला उभे राहिलो की आपण मोठं पाप आणि मोठी सुटका सांगतो. इथे तसं नको. तुमच्या आणि देवाच्या मध्ये काय येऊन बसलं, तेवढंच लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पहाटे मोबाइलवर बायबलमधलं स्तोत्र 63 वाचत होते. जीव देवासाठी तहानला आहे, इथवर आले आणि वरून पट्टी सरकली: साड्यांवर 40 टक्के सूट. स्तोत्र तिथेच राहिलं. साडी घेतली, आणि नेसून उपासनेलाच गेले! आता आईचं जुनं कागदी शास्त्र काढलंय. अक्षर बारीक आहे, चष्मा लावावा लागतो.

वसईहून: आमची केळीची वाडी आणि कडेला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आजोबांच्या वेळी त्याच पाण्यावर वाडी जगायची. शेजारच्या दोन वाड्या गेल्या, तिथे इमारती उभ्या राहिल्या. मग एकजण आमच्याकडेही आला. माणूस गोड बोलणारा, मम्मीच्या पाया पडला. बयाण्याची पिशवी त्याने टेबलावर ठेवली आणि 'विचार करा' म्हणून निघून गेला. संध्याकाळी रोझरीला बसलो. पिशवी तिथेच, माउलीच्या तसबिरीखाली. मी मोठ्याने 'नमो मरिये' म्हणतोय आणि मनात फ्लॅटचे हप्ते, मुलीची फी, भावाचा हिस्सा असा हिशेब चाललाय. रोझरीच्या तिसऱ्या रहस्याला, म्हणजे तिसऱ्या टप्प्याला, मम्मी थांबली. म्हणाली, "ती पिशवी आधी उचल तिथून, माझं लक्ष लागत नाय." म्हणजे तिचंही तेच चाललं होतं! पैसे परत केले. वसईची हिरवाई वाचवायला उभ्या राहिलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'हरित वसई' चळवळीच्या सभांना लहानपणी पप्पांच्या खांद्यावर बसून गेलोय, त्यामुळे मी ठाम होतो असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मम्मी नसती तर सही केली असती. भाऊ अजून धड बोलत नाही.

नगर, एमआयडीसी: रविवारी ओव्हरटाइम, पगार दुप्पट. चार महिने सलग गेलो आणि दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, मात्र न चुकता पाठवला. बायको म्हणाली, "देवाला पाकीट पोचतंय, तुम्ही कधी पोचणार?" आता महिन्यातले दोनच रविवार कामावर जातो. पूर्ण बंद केलेलं नाही, खोटं कशाला लिहू.

नाव नको: दारू सोडून सहा वर्षं झाली. आमच्याकडे प्रभुभोजनाला वाइन असायची. घोटभरच, पण चषक जवळ आला की आधी वास यायचा, प्रभू नंतर. दोन वेळा पोट दुखतंय सांगून बाकावरच बसलो. शेवटी पाळकसाहेबांना खरं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री त्यांच्या घरी गेलो, तर पाळकीणबाई काळ्या मनुका उकळून फडक्यातून गाळत होत्या. सगळ्या मंडळीलाच तो रस दिला. का बदललं, ते कुणालाच सांगितलं नाही.

सोलापूरहून, वरच्या दारू सोडलेल्या दादांना: लूकच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला सोडून जातो, तोही संधी मिळेपर्यंतच. सांभाळा. माझं म्हणाल तर मोह मंडळीतच आहे. पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीची निवडणूक. मागच्या खेपेला मतं मोजताना डोळे मिटून प्रार्थना करत होतो, आणि एका डोळ्याने फळ्यावरचे आकडे बघत होतो. निवडून आलो. यंदा परत उभं राहा म्हणतायत. अर्ज खिशातच आहे.