मदत हवी आहे: अणुभट्टी मध्येच बंद राहिली, तर सिझिअमवरून बर्नअप कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

मी राजापूरची, रत्नागिरीत एमएस्सी करते आहे. सेमिनारचा विषय आहे वापरलेल्या अणुइंधनाचं बर्नअप (म्हणजे त्या इंधनातून एकूण किती ऊर्जा काढून झाली ते) गॅमा स्पेक्ट्रमवरून, म्हणजे त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या आलेखावरून काढणं. (अणुप्रकल्पावरून गाजलेलं जैतापूर आमच्याच तालुक्यात, त्यामुळे विषय निघाला की आधी भांडण, भौतिकशास्त्र नंतर. इथे फक्त दुसरं, प्लीज.)

सिझिअम-१३७ चं पटलं. युरेनियम-२३५ फुटो की प्लुटोनियम-२३९, शंभर विखंडनांमागे ते सहा-साडेसहाच मिळतं. अर्धायुष्य ३० वर्षं. म्हणजे आलेखातलं त्याचं ६६२ केईव्ही ऊर्जेचं शिखर मोजलं की बर्नअप आलंच, फक्त डिटेक्टरची एफिशिअन्सी (आलेल्या किरणांपैकी तो किती टिपतो) आणि मोजणीची भूमिती अचूक ठाऊक हवी. ती कटकट टाळायला सिझिअम-१३४ आणि १३७ चं गुणोत्तर घेतात. १३४ विखंडनातून थेट जवळजवळ येतच नाही. आधी स्थिर सिझिअम-१३३ तयार होतं, मग ते न्यूट्रॉन गिळतं. म्हणून १३४ बर्नअपच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि गुणोत्तर साधारण सरळ रेषेत येतं.

घोडं अडलंय पुढे. १३४ चं अर्धायुष्य २.०६ वर्षं. इंधन आत असताना भट्टी वर्षभर बंद राहिली, तर तोवर साठलेल्या १३४ पैकी सुमारे २९ टक्के जाणार, १३७ जेमतेम २ टक्के. मग बर्नअप सारखं असूनही इंधनाच्या दोन जुडग्यांची गुणोत्तरं वेगळी येतील. रेषा कोणती धरायची?

प्रतिसाद:
एकच रेषा धरूच नका. भट्टी कधी किती पॉवरवर चालली त्याचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात बनलेलं १३४ मोजणीच्या दिवसापर्यंत घटवा आणि बेरीज करा. खंड सुरुवातीला असेल तर फारसं बिघडत नाही, कारण तेव्हा १३३ च थोडं असतं. शेवटाकडचा खंड नडतो.

दुसरं, एका इंधनाची रेषा दुसऱ्याला लावू नका. आपल्या तारापुरातच पहिल्या दोन भट्ट्या समृद्ध युरेनियमच्या, तिसरी-चौथी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याच्या. न्यूट्रॉन फ्लक्सच (इंधनावरचा न्यूट्रॉनांचा मारा) वेगळा.

मूळ लेखिका:
आभारी आहे! आणि वीस वर्षं थंड झालेलं इंधन असेल तर?

प्रतिसाद:
१३४ हजाराव्या भागाच्या आसपास उरेल, ते विसरा. युरोपिअम-१५४ बघा, अर्धायुष्य ८.६ वर्षं, १२७४ केईव्हीची रेषा ठळक दिसते. आणि सिझिअम तापलेल्या इंधनात जागा बदलतं, तेव्हा एकाच बिंदूवर न मोजता सळईच्या लांबीभर स्कॅन घ्या.