विश्वासाबद्दल मित्र प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर कसं द्यावं? सल्ला हवा आहे

वाटसरू

नमस्कार मंडळी. मी जन्मापासून ख्रिस्ती. दर रविवारी उपासनेला जातो, काही वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलंही आहे. तरी गेल्या महिन्यात एका साध्या प्रश्नापुढे अडकलो.

कामावरचा एक मित्र आहे, अकरा वर्षांची ओळख. वाचणारा माणूस. काम आटोपून आम्ही दोघेच बसलो होतो. बोलता बोलता त्याने विचारलं, "तुमच्या बायबलात कोणती पुस्तकं ठेवायची हे ३२५ साली एका सम्राटाने ठरवलं, खरं ना?" मला माहीत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. त्याऐवजी माझा आवाज चढला. "ते देवाचं वचन आहे, त्यात कुणा राजाचा हात नाही," असं म्हणून मी लागोपाठ तीन वचनं म्हणून दाखवली. तो ऐकत राहिला. मग चष्मा काढून पुसला आणि "बरं" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून त्याने हा विषय पुन्हा काढलेला नाही. बाकी सगळं बोलतो.

ते "बरं" माझ्या मनातून जात नाही. मला वाद जिंकायचा नाही. ज्या प्रभूने मला सावरलं, त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर नीट सांगता यावं, एवढंच हवं आहे. पूर्वी त्याने आणखी दोन गोष्टी विचारल्या होत्या: तुमचे देव तीन की एक? आणि देव चांगला असेल तर निष्पाप माणसं का भोगतात? काय वाचू, सुरुवात कुठून करू, बोलू कसं?

जुनी वही

तुम्ही अडकलात तिथेच मीही कधीकाळी अडकले होते, म्हणून आधी ३२५ सालचं घेते.

त्या साली निकीया शहरात बिशपांची परिषद रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली, हे खरं. पण तिथे वाद होता एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीचा: पुत्र, म्हणजे येशू, हा पित्यासारखाच अनादी देव आहे, की देवाने निर्माण केलेला? परिषदेचे वीस नियम आज उपलब्ध आहेत. त्यांत पुस्तकांच्या यादीबद्दल एकही नाही. सम्राटाने पुढे बिशप युसेबियसकडून शास्त्राच्या पन्नास प्रती करवून घेतल्या, पण प्रती करवून घेणं वेगळं आणि काय ठेवायचं ते ठरवणं वेगळं. चारच शुभवर्तमानं (येशूचं जीवन सांगणारी पुस्तकं) मानायची असं बिशप आयरेनियस इ.स. १८०च्या सुमारास ठासून सांगत होता, म्हणजे परिषदेच्या जवळपास दीडशे वर्षं आधी. आपल्या नव्या कराराची, म्हणजे बायबलाच्या येशूपासून पुढच्या भागाची, नेमकी २७ पुस्तकं एका यादीत दिसतात ती बिशप अथानेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात.

पण एवढंच सांगून थांबू नका. इब्री लोकांस पत्र, याकोब, दुसरं पेत्र, प्रकटीकरण या पुस्तकांबद्दल ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बराच काळ मतभेद होते. हे मित्राला तुम्हीच सांगा. तसंच मार्कच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं आणि योहानाच्या ८व्या अध्यायातला व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाहीत. बऱ्याच छापील बायबलांत तिथे कंस किंवा तळटीप असते. त्याने दाखवून दिलं तर तुम्ही लपवत होता असं वाटेल. तुम्ही दाखवलंत तर तो पुढचं ऐकेल.

हस्तलिखितांचं म्हणाल, तर नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत. बहुतेक मध्ययुगातली, पुष्कळशी तुटक. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा) एक तुकडा आहे, जेमतेम तळहाताएवढा. त्याच्या दोन्ही बाजूंना योहान १८ मधल्या, येशू रोमन सुभेदार पिलातापुढे उभा आहे त्या प्रसंगाच्या तुटक ओळी आहेत. अभ्यासक तो साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानतात. त्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती तरी वेळ बघत राहिले होते. फाटलेली कड, आणि त्या कडेला अर्ध्यातच तुटलेले शब्द.

एक जपा. एवढ्या प्रतींवरून काय लिहिलं गेलं होतं ते पुष्कळ खात्रीने कळतं. लिहिलेलं खरं आहे का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पुष्कळ जण ही दोन्ही एकाच दमात सांगतात आणि ऐकणाऱ्याला ती गफलत लगेच कळते.

वाटसरू

ताई, हे कुणी इतकं सरळ कधी सांगितलंच नव्हतं. मार्कच्या शेवटच्या वचनांचं वाचून क्षणभर पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. आत्ता माझं बायबल काढून पाहिलं. तळटीप आहे. इतकी वर्षं डोळ्यांखालून गेली असणार.

त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव याचं, कसं सांगायचं? मी मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ असं शिकवत आलो आहे.

कोरा कागद

ते उदाहरण सोडून द्या. तेच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ. म्हणजे एकच देव तीन सोंगं घेतो असं होतं. ही शिकवण तिसऱ्या शतकात सॅबेलियसच्या नावाने गाजली आणि मंडळीने ती नाकारली. येशू बाप्तिस्मा घेतो, वरून पित्याची वाणी येते, आत्मा कबुतरासारखा उतरतो. हे तिघं एकाच प्रसंगात आहेत, ते पाणी-बर्फ-वाफेत बसवता येत नाही.

मी उदाहरण देतच नाही. गोष्ट सांगतो. पहिले शिष्य यहूदी होते, "परमेश्वर एकच आहे" हे रोज म्हणणारे. त्याच माणसांनी, तो एकच देव न सोडता, येशूला प्रभू म्हटलं आणि त्याची प्रार्थना केली. असं काय घडलं असेल की त्यांना हे करावं लागलं? एक तत्त्व आणि तीन व्यक्ती ही भाषा फार नंतरची, त्या अनुभवाला जपण्यासाठी बनवलेली. मित्राला आधी तो अनुभव दाखवा. सूत्र नंतर.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. दुःखाच्या प्रश्नाबद्दलच लिहिते.

काही वर्षांपूर्वी एक आई बाहेरच्या बाकावर बसून होती. आत तिचा मुलगा. तिने मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही देवाला मानता ना? मग हे का?" मी तिला रोमकरांस पत्रातलं वचन सांगितलं, देवावर प्रेम करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं मूल आहे का आत?"

वचन खरं आहे, आजही मी त्याला धरून आहे. पण त्या बाकावर, त्या घटकेला, ते मी तिच्यासाठी म्हटलं नव्हतं. मला तिच्या प्रश्नाची भीती वाटली म्हणून म्हटलं होतं.

बायबलात सगळं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट आहे. त्याचे मित्र पाहा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांचं सगळ्यांत चांगलं काम तेच. तोंड उघडलं तिथून बिघडलं, आणि शेवटी देवच म्हणतो की हे माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. गंमत म्हणून नव्हे, पण त्यांच्या भाषणांतली बरीच वाक्यं आपण सांत्वनाला गेल्यावर जशीच्या तशी म्हणतो. एकदा वाचून बघा.

म्हणून हा प्रश्न आला की मी आधी एकच बघते: माणूस विचार करून विचारतोय की रडून? रडून विचारत असेल तर जवळ बसा. येशूला ठाऊक होतं की मेलेला मित्र लाजर थोड्याच वेळात जिवंत होऊन उठणार आहे, तरी तो रडला.

विचार करून विचारत असेल तर बोला, पण मापात. माणसाला निवडीचं स्वातंत्र्य आहे म्हणून वाईट घडतं, हे युद्ध, खून, फसवणूक यांना लागू पडतं. भूकंपाला आणि लहान मुलाच्या कॅन्सरला ते पुरत नाही. तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी इथे एक उपयोगी फरक केला आहे. देवाने दुःख का राहू दिलं त्याचं कारण सांगणं ही एक गोष्ट, आणि देव असणं व दुःख असणं यांत तार्किक विरोध नाही एवढंच दाखवणं ही दुसरी. दुसरीवर थांबलं तरी चालतं. पहिलीचा दावा मी करत नाही. माझ्याकडे आहे तो क्रूस. ज्या देवाला मी मानते तो बाकाच्या पलीकडे उभा राहून बघत बसला नाही, तोही मेला. याने "का"चं उत्तर मिळत नाही, हे मी समोरच्याला सांगते.

दुसऱ्या काठावरून

मी ख्रिस्ती नाही, कुठलाच देव मानत नाही. पण मी तुमच्या त्या मित्राच्या जागी बसलेलो आहे, म्हणून बोलतो.

मी प्रश्न विचारतो तेव्हा मला त्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. सनावळीचं विचारलं आणि उत्तर पापक्षमेचं आलं, की मी आत दार लावून घेतो. वचन म्हणून दाखवलं तर ते तुमच्यासाठी प्रमाण आहे, माझ्यासाठी अजून नाही. आणि मला तुमच्या वाटेवर आणायचा माणूस समजू नका. माझी एक मैत्रीण गेली कित्येक वर्षं मला तिचा विश्वास सांगते आणि मी तिला माझा नकार. ती माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडून दाखवते आणि मग विचारते, "असंच ना?" मी हो म्हटल्यावरच ती पुढे बोलते. तिच्याशी बोलायला मी आपणहून जातो.

धर्मयुद्धं, गुलामगिरीला बायबलातून दिलेले आधार, चौकशीच्या नावाखाली झालेला छळ, यांबद्दल कुणी विचारलं तर आधी "ते चूक होतं" म्हणा. मध्ये "पण" आणू नका. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांतही पुष्कळ जण श्रद्धेनेच उभे राहिले होते, हे मला माहीत आहे. ते मला नंतर सांगितलं तर पटतं. आधी सांगितलं की पळवाट वाटते.

वाटसरू

तुमचे मनापासून आभार. "असंच ना?" हे मी लिहून ठेवलं.

वडाची सावली

मी निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आहे. उशिरा आलो, थोडं सांगतो.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात, तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा म्हटलं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द अपोलोगिया, म्हणजे न्यायालयात आपली बाजू मांडणं. पण ते पत्र छळ सोसणाऱ्या माणसांना लिहिलेलं आहे. त्यांच्यावर आरोप होते आणि त्यांच्यात आशाही दिसत होती, म्हणून लोक विचारत होते. त्याच वचनात सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या असंही आहे. वचनाचा पहिला भाग आम्ही पाळकांनी खूप शिकवला. हा दुसरा भाग तितका शिकवला नाही, याची मला खंत आहे.

प्रेषित पौल अथेनैत (अथेन्समध्ये) काय करतो ते प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये सावकाश वाचा. मूर्तींनी भरलेलं शहर पाहून त्याचा आत्मा खवळला होता. तरी उभा राहिल्यावर तो त्यांच्याच वेदीपासून सुरुवात करतो, "अज्ञात देवाला" अर्पण केलेल्या. त्यांच्याच कवींची ओळ घेतो. पुनरुत्थानाचा, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला याचा, विषय निघाल्यावर काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौलालासुद्धा एका बैठकीत एवढंच मिळालं.

इतर सगळे प्रश्न फिरून पुनरुत्थानापाशी येतात. पंतय पिलाताच्या वेळी येशूला मृत्युदंड झाला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो आणि तो ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता. करिंथकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की मला मिळालं तेच मी तुम्हांला दिलं, आणि मग येशू कुणाकुणाला दिसला ती यादी देतो. म्हणजे ही साक्ष त्या पत्राहून जुनी. रिकाम्या कबरेपाशी पहिल्या पोचल्या त्या स्त्रिया, आणि त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारसं मोल नव्हतं. गोष्ट रचायचीच असती तर अशी कुणी रचली नसती. एवढ्याने सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण आम्ही डोळे मिटून मानतो असंही नाही.

वाचायचं विचारलंत. गोव्यात राहिलेल्या इंग्रज जेझुइट पाद्री फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, १६१६ सालचं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. त्यात श्रोते मध्येच प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. ऐकणाऱ्याच्या भाषेत आणि छंदात विश्वास कसा सांगावा याचा आपल्या मराठीतला तो पहिला मोठा धडा. पण त्याच्याही आधी मार्क वाचा. सोळा अध्याय, एका बैठकीत होतात. शक्य असेल तर मित्राबरोबर.

वाटसरू

तीन आठवड्यांनी लिहितोय.

मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी आवाज चढवला, ते चुकलं. मग निकीयाचं सांगितलं, मतभेद असलेली पुस्तकंही सांगितली आणि तळटीप काढून दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. म्हणाला, "हे तू मला दाखवतोयस?"

आता आम्ही आठवड्यातून एकदा मार्क वाचतो. तो विश्वास ठेवत नाही, मी सोडत नाही. पण परवा त्याने असं काही विचारलं की मी पुन्हा अडकलो. या वेळी "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणालो. येशू कुष्ठरोग्याला बरं करतो आणि वर बजावतो की कुणाला सांगू नकोस. भुतांनाही गप्प करतो. स्वतःबद्दल सांगायलाच आला होता ना तो? मग लपवतो का?

जुनी वही

फार चांगला प्रश्न आहे, अभ्यासकही त्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद घालत आहेत. उत्तर देण्याची घाई करू नका. वाचत राहा. आठव्या अध्यायात शिष्य पेत्र म्हणतो "तू ख्रिस्त आहेस", म्हणजे देवाने पाठवायचा तो मसीहा, आणि येशू त्यालाही गप्प बसायला सांगतो. लगेच दुःख भोगण्याचं बोलतो, तर पेत्र त्यालाच दटावतो. तिथे थोडं थांबा, पेत्राच्या मनात कसला ख्रिस्त होता ते मित्राला विचारा. मग नवव्याचं नववं वचन. तिथे पहिल्यांदा त्या गप्प राहण्याला मुदत दिली आहे. कुठपर्यंतची, ते तुम्ही सांगू नका. त्यालाच मोठ्याने वाचायला लावा.